उताराचा सराव

लाल डब्यात कंडक्टर बाई असो की बाप्या, त्याला मास्तरच म्हणतात. मला या नावाची सवय लावली मामांनी. मामा म्हणजे माझे ड्रायव्हर. नात्यानं कुणी नव्हते, पण संगमनेर ते भंडारदरा या फेरीवर आमची जोडी लागली, आणि माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला 'अहो ड्रायव्हर' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी जामखेडकडची. आमच्याकडे मोठ्या माणसाला नुसतं नावानं हाक मारली तर म्हातारी माणसं शेजारच्या गल्लीतून येऊन कान पिळतात. म्हणून मी त्यांना मामा म्हणू लागले आणि ते मला मास्तर म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी त्यांचा माझा खटका उडाला. गाडी भरली, मी दार ओढून घेतलं आणि मागून ओरडले, "चला मामा!" गाडी जागची हलली नाही. परत ओरडले. मामा समोरच्या काचेतून बाहेर पाहत बसलेले, जसं काही गाडीतल्या लोकांशी त्यांचा संबंधच नाही. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले तर शांतपणे म्हणाले, "मास्तर, तोंडानं गाडी सुटत नसती. बेल द्या."

"अहो, पण मी सांगतेय ना चला म्हणून."

"गाडी चालवनं माझ्याकडं. सोडनं आन् थांबवनं तुमच्याकडं. डबल बेल दिली की निघतो, सिंगल दिली की थांबतो. मधी मी माझी अक्कल चालवीत न्हाई."

मी मागे जाऊन दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

हे खूळ किती पक्कं होतं ते मला एकदा राजूरला कळलं. दोरी तुटली. गाडीत बाजाराहून परतणाऱ्या बायका खच्चून भरलेल्या. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांनीच गाड्या भरतात, आणि बायकांनी भरलेली गाडी थांबवून ठेवणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं माझ्या जागी येऊन पाहावं. सगळ्या एकदम बोलत होत्या. मामा ढिम्म. शेवटी खाली उभ्या असलेल्या एका माणसानं वैतागून गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मामांनी लगेच गिअर टाकला. पुढे स्टॉपवर मी विचारलं, "आता कुठे गेला तुमचा नियम?" तर म्हणाले, "पत्र्यावरच्या दोन थापा चालत्यात. ती बी बेलच हाय. खालच्या मान्सानं दिल्याली."

दिसायला मामा उंच, किडकिडीत, मिशी पांढरी आणि भुवया मात्र काळ्या कुळकुळीत. त्यांच्या सीटवर मामींनी जुन्या लुगड्यांची शिवलेली चौघडी असायची. गाडी बदलली तरी चौघडी तीच. ड्युटी संपली की ती झटकून, घडी घालून काखेत मारायची आणि घरी न्यायची. दुसऱ्या ड्रायव्हरनं चुकून तिच्यावर बूड टेकवलं तर मामा काही बोलायचे नाहीत, पण ती चौघडी धुऊन यायची.

असा माणूस रिटायर होण्याला घाबरेल असं मला वाटलं नव्हतं. पण घाबरला. आणि घाबरण्याचं कारण आमच्याच डेपोत होतं.

कंट्रोलरच्या खिडकीखाली एक सिमेंटचा बाक आहे. आमच्याकडून रिटायर झालेले एक जुने ड्रायव्हर रोज सकाळी त्या बाकावर येऊन बसायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. सुरुवातीला पोरं पाया पडायची, चहा सांगायची, "दादा, तुमच्यासारखा घाट कुणी काढला न्हाई," म्हणायची. मग नुसता चहा यायला लागला. मग चालता चालता "काय दादा, बरं हाय का" एवढंच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण फेरीची वेळ झालेली असते, कुणाला थांबायला वेळ असतो? एक दिवस त्या बाकावर कुणीतरी आपली पिशवी ठेवून गेलं होतं. दादा आले, पिशवीकडे पाहिलं, ती उचलून खाली ठेवायचा त्यांना धीर झाला नाही, आणि ते बाकाशेजारी उभेच राहिले.

मामांनी हे सीटवर बसून पाहिलं. अकोल्याला चहा पिताना बशी खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, मला त्या बाकावर बसायचं न्हाई."

"तुम्ही कशाला बसाल? शेत आहे, मामी आहेत, पुण्याला मुलगा आहे."

"दादाला बी हाय की शेत. शेत काय करतंय?" मग म्हणाले, "शीटवरनं उतरलेल्या ड्रायव्हरला कुनी हात करीत न्हाई. आख्खा जलम लोकांनी हात केला. उसातनं पळत आली मानसं, लेकरू काखंत मारून बाया पळत आल्या. आपल्याला वाटतं आपल्यालाच हात करत्यात. ते गाडीला करीत असत्यात. ही सवय लई वंगाळ."

दोनेक वर्षं उरली होती तेव्हा. दुसऱ्या कुणी ती तशीच ढकलली असती. मामांनी तयारी सुरू केली. त्यांचं म्हणणं असं की घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की गाडी गेली. उतार गिअरमध्येच उतरायचा, एकेक गिअर खाली टाकत, म्हणजे ब्रेकला काम उरत नाही. "रिटायरच्या दिवशी सगळी एकदम न्यूट्रल करत्यात, म्हून आपटत्यात. मी आत्तापसनं गेर खाली टाकनार." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मला हसावं की मान डोलवावी कळेना. मी दोन्ही केलं.

पहिला गिअर मुक्कामाचा. डोंगरातल्या एका गावाला ते वर्षानुवर्षं मुक्कामाची गाडी न्यायचे. संध्याकाळी गाडी गावात जायची, सकाळी परत निघायची, आणि रात्रीची भाकरी पाळीपाळीनं गावातल्या घरांतून यायची. ड्रायव्हर-कंडक्टर म्हणजे गावाचे रोजचे पाहुणे. मामांनी ती ड्युटी स्वतःहून सोडली. शेवटच्या फेरीला घराघरांत जाऊन सांगून आले, "आता दुसरा येईल. तिखट जरा बेतानं घाला, त्याला माझ्यावानी सवय नसंल." परत आले आणि चार दिवस त्यांना कुणाच्याच हातची भाकरी गोड लागेना. मामींच्यासुद्धा. ते त्यांनी मामींना सांगितलं, हा मात्र सरावातला अडाणीपणा.

दुसरा गिअर हॉर्नचा. मामांचं घर राजूरच्या अलीकडे, विठा घाट चढून गेलं की रस्त्याला लागूनच. घरासमोरून जाताना ते एक लांबलचक हॉर्न द्यायचे. परत येताना मामी रस्त्याच्या कडेला तांब्या घेऊन उभ्या असायच्या. एके दिवशी मामांनी ठरवलं, हॉर्न बंद. गाडी मुकाट्यानं घरावरून पुढे काढली. येताना पाहतो तर मामी रस्त्याच्या मधोमध, पदर खोचलेला, हातात तांब्या नाही. मामांनी गाडी थांबवली.

"का वं? काय झालं? हारन न्हाई वाजला! मला वाटलं दुसराच कोन चालवतोय, तुमाला काय झालं का काय!"

"काय झालं न्हाई. सराव चाललाय. घरात जा."

"कशाचा सराव?"

"मी नसन्याचा."

गाडीतले लोक हसले. मामींनी जे काही उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हॉर्न पुन्हा सुरू झाला. तो गिअर पडलाच नाही.

मग त्यांनी दुसऱ्यांच्या निरोपसमारंभांचा अभ्यास धरला. डेपोत कुणीही रिटायर होत असलं की मामा पहिल्या रांगेत. शालीकडे, नारळाकडे लक्ष नाही. जाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. बाहेर आल्यावर मला निकाल सांगायचे. "हा रडला. ह्याचं बरं हुईल." दुसऱ्या वेळी, "हा लई हसत हुता, मास्तर. ह्याचं अवघड हाय." एका क्लार्कनं भाषणात मी आता नातवंडांत रमणार असं सांगितलं, तर मामा म्हणाले, "नातवंडास्नी इचारलंय का?"

या सगळ्या सरावावर कळस चढवला तो मागच्या सीटच्या प्रसंगानं. सुट्टीच्या दिवशी मामा साध्या कपड्यांत डेपोत आले आणि आमच्याच गाडीत शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्या दिवशी चालवायला दुसरा पोरगा होता. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर म्हणाले, "पासिंजर व्हायला शिकतोय. मला मामा म्हनू नका, गिऱ्हाईक समजा."

त्यांच्या डाव्या बाजूला एक आजीबाई बसल्या होत्या, दोन गुडघ्यांमध्ये काठी उभी धरून. मी बेल दिली. टिंग टिंग. आणि मामांचा डावा पाय खाली दाबला गेला, डावा हात बाजूला गेला, त्यानं काठीची मूठ पकडली आणि पहिला गिअर टाकला. आजी दचकल्या. गाडी जरा पुढे गेली तसा मामांनी काठी ओढून दुसरा टाकला.

"आरं मेल्या, माझी काठी कुटं नेतुस?"

मामा एकदम भानावर आले. हात जोडले, "चुकलं आजी, चुकलं." आजींनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि अकोल्यापर्यंत मामांकडे पाठ करून बसल्या. मी हसून हसून तिकिटं फाडू शकत नव्हते. म्हणजे मशिनमधून काढू शकत नव्हते. पण घाटात माझं हसू थांबलं. प्रत्येक वळणाला मामांचा पाय फळीवर दाबला जात होता. दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते, लहान मूल शाळेत बसतं तसे. कपाळावर घाम. उतरताना म्हणाले, "मास्तर, जमत न्हाई वो."

एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. घरासमोर, रस्त्याच्या कडेला उभं राहून. "मी रिटायर झाल्यावर डेपोत दिसलो, त्या बाकावर दिसलो, तर मला चहा पाजायचा न्हाई. बस म्हनायचं न्हाई. गाडीत घालायचं आन् घरी धाडायचं. दुसरी पोरं मोह दाखवतील. तुमी दाखवायचा न्हाई."

"बरं."

"बरं न्हाई. सिंगल म्हंजी सिंगल. तुमी थांबवलं की मी थांबतो, हे तुमाला ठावं हाय."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं, असंच तेव्हा वाटलं.

सरावाचा खरा जाच मामींना होता. एकदा संक्रांतीला तिळगूळ द्यायला त्यांच्याकडे गेले होते. मामींनी चुलीपाशी बसून गाऱ्हाणं सांगितलं. "सुट्टीला ओट्यावर बसत्यात. म्हनत्यात, मी रिटायर हाय, मला काम सांगू नगंस. आन् मी देवापुढं घंटी वाजवली, दोनदा टनटन केलं, की हे उटून उभं. निघालं! एकदा तर चपला घालून फाटकापतुर गेलं. मग मी काय करती, एकदाच वाजवती. देवाला चालतंय का म्हाईत न्हाई." मामा बाहेर ओट्यावरून ऐकत होते. "चालतंय," एवढंच म्हणाले.

मग तो दिवस आला. डेपोतल्या पोरांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, काचेवर केळीचे खुंट बांधले. नवरदेवाची गाडी दिसत होती ती. मामा सकाळपासून नेहमीसारखे. भंडारदऱ्याची फेरी केली, घरासमोर हॉर्न दिला, मामींनी गाडीला ओवाळलं. परतीचा उतार असा उतरवला की मांडीवर दुधाचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. दुपारी आम्ही संगमनेरच्या स्टँडात शिरलो. मॅनेजर शाल-नारळ घेऊन उभे, हलगीवाला तयार, पोरांचे मोबाईल वर. मामांनी गाडी फलाटाला आणली आणि पुढे सरकवत नेत राहिले, अगदी हळू.

मला समजलं. ते बेलची वाट पाहत होते. सिंगल.

मी दोरीला हात घातला. चार वर्षं त्या स्टँडातून गाडी सोडताना माझ्या हाताला एकच गोष्ट माहीत होती. आणि डोळे असे भरून आलेले की मला दोरीसुद्धा दिसत नव्हती. मी ओढली. टिंग. आणि माझ्या हातानं सवयीनं पुन्हा ओढली. टिंग.

मामांनी गिअर टाकला.

शाल पसरून पुढे आलेले मॅनेजर मागे सरले. हलगीवाल्याला काय वाजवावं कळेना. माळा घातलेली गाडी सगळ्यांच्या समोरून पुढे गेली, फाटकाकडे वळली, डिझेल पंपाला वळसा घातला आणि अख्ख्या स्टँडाचा एक फेरा मारून परत आली. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं मामांनी हौसेनं केलं. मी आरशात पाहिलं. मामा आरशातून माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या मिशीखाली हसू होतं, गाल मात्र ओले होते. "रडला, ह्याचं बरं हुईल," मला त्यांचाच निकाल आठवला. या खेपेला मी एकदाच ओढली. गाडी थांबली. इंजिन बंद झालं. मामा चौघडी घडी घालून खाली उतरले.

त्यानंतर ते दिसले नाहीत. आता खरं सांगते. त्या माणसानं दोन वर्षं सराव केला होता. मी एक दिवस केला नव्हता. नवा ड्रायव्हर चांगला पोरगा आहे, पण "चला" म्हटलं की निघतो. बेल द्यायच्या आत निघतो. मी आरशात पाहायचे तर आरसा वेगळ्याच कोनात, त्यात मला मी दिसायचेच नाही. त्यांच्या घरावरून जाताना ओटा रिकामा असायचा. कधी मामी वाळवण घालताना दिसायच्या आणि हातानंच 'मळ्यात' अशी खूण करायच्या. मला बरं वाटायचं आणि राग पण यायचा. इतकं कसं जमलं यांना?

नव्हतंच जमलं. उन्हाळा संपता संपता एका रविवारी सकाळी मी ड्युटीवर आले, तर मामा बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट. खाली सिमेंटवर चौघडी अंथरलेली. मला पाहून उठले नाहीत, पण पाय जवळ घेतले.

"आफिसात कागद द्यायचा हुता," म्हणाले.

"आज रविवार आहे, मामा."

"व्हय. इसरलोच."

कॅन्टीनचा पोऱ्या मागून ओरडला, "मामा आले! कटिंग आणू का?" मला त्यांना चहा द्यायचा होता. शेजारी बसायचं होतं, नव्या पोराच्या चार चुगल्या सांगायच्या होत्या, दोन तास नुसतं बोलायचं होतं. बाकावर एका माणसापुरती जागा रिकामी होती. मी पोऱ्याला हातानंच नको म्हटलं.

"मामा, गाडी लागलीय. चला."

"दोन मिन्टं बसू द्या, मास्तर."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "सिंगल म्हणजे सिंगल."

ते माझ्याकडे पाहत राहिले. वाटलं, आता चिडतील. मग सावकाश उठले, चौघडी झटकली, घडी घातली. गाडीत चढून मधल्या एका खिडकीपाशी बसले. मी तिकिटं काढत त्यांच्यापाशी आले तेव्हा त्यांनी न मागता पास दाखवला. मी तो नीट निरखून पाहिला, कारण त्यात कुचराई केलेली त्यांना आवडली नसती.

अकोल्यापर्यंत मी त्यांच्या पायाकडे पाहत होते. पहिल्या वळणाला पाय दाबला गेला. पुढच्या गतिरोधकालाही. अकोले सोडल्यावर एका बाईनं आपलं पोरगं त्यांच्या शेजारी बसवलं, त्या पोरानं खिडकीतून काय काय विचारायला सुरुवात केली आणि मामा त्याला सांगत राहिले. घाट लागला तेव्हा मी पुन्हा पाहिलं. पोरगं त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं. मामाही झोपले होते. मान खिडकीला, तोंड जरा उघडं. गाडी वळणावर कलली, सगळी माणसं एका बाजूला झुकली, मामाही झुकले. पाय हलला नाही.

घराजवळ मी सिंगल दिली. त्यांना हलवून उठवलं. पोराचं डोकं त्यांनी अलगद आईकडे सरकवलं आणि चौघडी काखेत मारून खाली उतरले. मी दोरी धरून मागच्या दारात उभी. हात वर गेला होता, पण ओढवत नव्हतं. हा नवा पोरगासुद्धा नेमका आजच बेलची वाट पाहत थांबलेला.

तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर दोन थापा पडल्या. चांगल्या ठणठणीत.

गाडी निघाली. मागच्या काचेतून मला मामा रस्त्याच्या कडेला उभे दिसले. सीटवरून उतरलेल्या ड्रायव्हरला कुणी हात करत नाही, असं ते म्हणाले होते. मी केला. उसातून पळत येणारी बाई करते तसा, पूर्ण उंच. पण तो पाहायला मामा थांबले नाहीत. दारात मामी तांब्या घेऊन उभ्या होत्या, आणि मामा घराकडे वळले होते.